स्टॉक्टन, कॅलिफोर्निया : विविधतेचा मान आणि मजुरीचा इतिहास

डेल्टावासी :

'यू. एस. न्यूज'ने २०२० साली तीन लाखांहून अधिक वस्तीच्या अमेरिकन शहरांची पाहणी करून वांशिक विविधतेत स्टॉक्टनला पहिला क्रमांक दिला. त्याच वर्षीच्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३,२०,८०४ होती. त्यांत लॅटिनो सुमारे ४५ टक्के, आशियाई एकपंचमांशाहून थोडे अधिक, लॅटिनो नसलेले गोरे एकपंचमांशाहून कमी आणि कृष्णवर्णीय दहाएक टक्के आहेत. आशियाई या एका रकान्यात फिलिपिनो, पंजाबी, कंबोडियन, ह्मोंग, व्हिएतनामी, चिनी आणि जपानी असे अनेक समाज एकत्र मोजले जातात.

या मानाचा उल्लेख इथल्या भाषणांत नेहमी होतो आणि त्यात वावगे काही नाही. मात्र इतके वेगवेगळे लोक नेमके याच शहरात का आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझे मत असे की स्टॉक्टनची विविधता म्हणजे या प्रदेशाच्या मजुरीचा इतिहास आहे. प्रत्येक लाट कोणत्या तरी कामासाठी आली आणि तिला जमिनीची मालकी मिळण्याची वेळ आली तेव्हा बहुतेकदा कायदा आडवा आला. या धाग्यात तोच क्रम मांडतो.

चार्ल्स वेबर या जर्मन स्थलांतरिताने १८४९ साली हे गाव आखले आणि कमोडोर रॉबर्ट स्टॉक्टन यांचे नाव त्याला दिले. सोन्याच्या शोधात दक्षिणेकडील खाणींकडे जाणाऱ्यांना पीठ, फावडी, खेचरे आणि कपडे इथे मिळत. सॅन फ्रान्सिस्कोहून नदीमार्गे बोट थेट गावात येई, त्यामुळे व्यापारी लवकर सधन झाले. सोन्याचा बहर ओसरला तेव्हा लोकांचे लक्ष गावाच्या पश्चिमेला पसरलेल्या दलदलीकडे, म्हणजे सॅक्रमेंटो आणि सॅन होकीन या नद्यांच्या डेल्टाकडे वळले.

ही जमीन समजून घेतल्याखेरीज स्टॉक्टन कळत नाही. बोरू-लव्हाळ्यांच्या हजारो वर्षांच्या कुजण्यातून तयार झालेली ही काळी, हलकी पीट माती आहे. कोकण-गोव्यातल्या खारबंदिस्तीप्रमाणे भोवती बांध घालून आतले पाणी बाहेर काढल्याशिवाय ती पिकाखाली येत नाही. हे बांध पहिल्यांदा घातले ते मुख्यतः चिनी मजुरांनी. खंडपार लोहमार्ग १८६९ साली पूर्ण झाल्यावर काम संपलेले अनेक चिनी मजूर कंत्राटदारांनी इथे लावले. कमरेइतक्या पाण्यात फावड्याने आणि ढकलगाडीने केलेले हे काम होते आणि मजुरी उचललेल्या मातीच्या मापावर मिळे. पुढे यांत्रिक ड्रेजर आले आणि १८८२ साली चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी करणारा कायदाही आला.

कोरडी झालेली पीट माती हवेशी संयोग पावून झिजत जाते. त्यामुळे डेल्टातली काही बेटे आज समुद्रसपाटीपेक्षा पंचवीस फुटांपर्यंत खाली गेली आहेत आणि बांध दर पिढीला उंच व रुंद करावे लागतात. याच भुसभुशीत मातीत घोडे आणि वाफेची अवजड यंत्रे रुतत असत. म्हणून स्टॉक्टनमधल्या कारखान्याचे मालक बेंजामिन होल्ट यांनी चाकांऐवजी सरकत्या पट्ट्यांवर चालणारे यंत्र तयार केले आणि नोव्हेंबर १९०४ मध्ये त्याची चाचणी घेतली. कंपनी १९२५ साली बेस्ट कंपनीत विलीन होऊन कॅटरपिलर झाली आणि मुख्यालय काही वर्षांत इलिनॉयमधल्या पिओरियाला गेले. शोध इथल्या चिखलाने लावायला भाग पाडला, पण उद्योगाचे केंद्र इथे टिकले नाही. हा क्रम पुढेही पुन्हा पुन्हा दिसतो.

चिन्यांनंतर जपानी आले. जॉर्ज शिमा यांनी डेल्टात बटाट्याची इतकी मोठी लागवड केली की वर्तमानपत्रे त्यांना 'बटाट्याचा राजा' म्हणू लागली. पण १९१३ च्या कॅलिफोर्निया परकीय जमीन कायद्याने, ज्यांना अमेरिकन नागरिकत्व मिळूच शकत नव्हते अशांना शेतजमीन विकत घेण्यास मज्जाव केला आणि १९२० च्या दुरुस्तीने भाडेपट्ट्याची वाटही जवळजवळ बंद केली. कायद्यात कोणत्याही वंशाचे नाव नव्हते, परंतु रोख आशियाई शेतकऱ्यांकडे होता. त्यातून वाचलेल्या जपानी कुटुंबांना दुसऱ्या महायुद्धात, मे १९४२ मध्ये, स्टॉक्टनच्या जत्रा मैदानावरच्या छावणीत कोंडण्यात आले आणि नंतर आर्कान्सामधल्या रोहवरच्या छावणीत नेण्यात आले.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून फिलिपिनो तरुण येऊ लागले. फिलिपीन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असल्याने त्यांना प्रवेशबंदीचे कायदे लागू होत नव्हते, म्हणूनच मळेवाल्यांना ते हवे होते. वाकून शतावरीचे कोंब कापण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि स्टॉक्टनमधली लिटल मनिला ही फिलिपीन्सबाहेरची सर्वांत मोठी फिलिपिनो वस्ती मानली जाऊ लागली. १९३९ साली शतावरी कापणाऱ्यांनी ऐन हंगामात केलेला संप यशस्वी झाला, कारण दिवसभर न कापलेला कोंब विक्रीयोग्य राहत नाही आणि मालकाला थांबणे परवडत नाही. स्टॉक्टनमध्ये राहणारे लॅरी इटलियाँग पुढे १९६५ च्या डेलानो द्राक्ष संपाचे एक प्रमुख नेते झाले. त्या संपात शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांच्या सहकारी असलेल्या डोलोरेस व्हेर्ता याही स्टॉक्टनमध्येच वाढलेल्या.

लिटल मनिला मात्र टिकली नाही. साठ-सत्तरच्या दशकांत शहराच्या मध्यातून उंच महामार्ग काढण्यात आला आणि त्याने ही वस्ती, शेजारचे चायनाटाउन आणि जपानी पेठ यांचे तुकडे केले. महामार्ग कुठून जावा, हा नकाशावर रेघ ओढण्याइतका निरागस निर्णय नसतो.

पंजाबी समाजाबद्दल इथे लिहिण्याऐवजी जाणकारांनी भर घालावी, अशी विनंती आहे.

जुनी वही :

डेल्टावासी, पंजाबी लाटेची गोष्ट वगळली तर आपल्या वाचकांना सर्वांत जवळचा धागा सुटेल, म्हणून लिहितो.

अमेरिकेतला पहिला गुरुद्वारा १९१२ साली स्टॉक्टनमध्ये स्थापन झाला. पॅसिफिक कोस्ट खालसा दिवाण सोसायटी ही त्याची संस्था. बाबा ज्वाला सिंग आणि बाबा वसाखा सिंग हे जवळच खंडाने शेती करत होते. गुरुद्वाऱ्यात कोणालाही जेवण आणि झोपायला जागा मिळे, त्यामुळे हंगामानुसार मळ्यांमागे फिरणाऱ्या मजुरांना तो मुक्कामाचे ठिकाण झाला. ज्वाला सिंग यांनी बर्कली विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्याही दिल्या. शेतकऱ्याने पैसा द्यावा, विद्यार्थ्याने लिहावे आणि मजुराने वर्गणी गोळा करावी, अशा या जाळ्यातून १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून 'गदर' हे पत्र सॅन फ्रान्सिस्कोहून निघू लागले.

या चळवळीत मराठी माणसे होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदरच्या उभारणीत त्यांचा वाटा होता आणि पुढे मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम करून त्यांनी नाव मिळवले. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून उठावासाठी परतले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये करतारसिंग सराभा यांच्यासह त्यांना लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

तुमच्या मुख्य मुद्द्याला पुष्टी देणारी एक गोष्ट सांगतो. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले, आणि त्याबरोबर जमिनीचा तोच कायदा पंजाबी शेतकऱ्यांनाही लागू झाला. काहींनी गोऱ्या ओळखीच्या माणसाच्या किंवा अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर जमीन ठेवून मार्ग काढला. नागरिकत्वाचा मार्ग १९४६ च्या कायद्याने खुला झाला आणि अवघ्या दहा वर्षांत, १९५६ साली, दलीपसिंग सौंद अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आले. १९२० च्या दशकात त्यांच्या शिक्षणाला आणि लेखनाला आधार देणारी संस्था हीच स्टॉक्टनची होती.

मध्यममार्गी :

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण त्यातला एक सूर मला पटत नाही. प्रत्येक समाजाकडे आणलेला आणि बाजूला सारलेला मजूर म्हणूनच पाहिले, तर त्या माणसांनी स्वतः काय उभे केले ते झाकले जाते. जुनी वही यांनी वर्णन केलेला गुरुद्वारा कोणत्या मळेवाल्याने बांधून दिला नव्हता. फिलिपिनोंच्या भ्रातृमंडळांनी आजारी माणसाच्या दवाखान्याचा आणि मेलेल्याच्या दफनाचा खर्च उचलला. कंबोडियन निर्वासित तर मजुरीसाठी आलेलेच नव्हते. १९७५ नंतर युद्ध आणि नरसंहारातून सुटून आलेली ही कुटुंबे स्टॉक्टनमध्ये स्थिरावली, कारण घरे स्वस्त होती आणि शेतीची कामे मिळत होती. जानेवारी १९८९ मध्ये क्लीव्हलँड प्राथमिक शाळेच्या मैदानावर एका बंदूकधाऱ्याने केलेल्या गोळीबारात आग्नेय आशियाई निर्वासितांची पाच मुले मारली गेली, त्यांतली चार कंबोडियन होती, आणि त्या घटनेनंतर कॅलिफोर्नियाने लष्करी धाटणीच्या बंदुकांवर निर्बंध घालणारा कायदा केला. या समाजाला मजुरीच्या साच्यात कसे बसवणार?

डेल्टावासी :

मध्यममार्गी, साच्याबद्दलची तुमची हरकत रास्त आहे. आग्नेय आशियाई निर्वासित वेगळ्या कारणाने आले, हे मान्य. तरीही 'घरे स्वस्त होती' या तुमच्याच वाक्याकडे थोडे बारकाईने पाहू या. कोणत्या भागात स्वस्त होती आणि का? तीसच्या दशकात केंद्रीय गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवून काही वस्त्यांना कर्जासाठी धोकादायक ठरवले आणि स्टॉक्टनचा दक्षिण भाग त्यात लाल झाला. चिनी, फिलिपिनो, मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय कुटुंबे त्याच भागात राहत होती, कारण उत्तरेकडे घर विकत घेण्याच्या करारांतच वंशाच्या अटी असत. नंतर आलेल्यालाही तोच भाग परवडला. संस्था लोकांनी उभ्या केल्या, त्या कुठे उभ्या करता येतील हे मात्र इतरांनी ठरवले. दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या पाहिजेत, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

वाटसरू :

इतिहास रोचक आहे. आज मात्र शहर कशावर चालते? शतावरी अजून पिकते का?

आगगाडी :

मी या भागातून रेल्वेने कामाला जात असे, त्यामुळे आजचे चित्र सांगू शकतो.

डेल्टातली शतावरी जवळजवळ संपली आहे. १९९१ नंतर पेरू देशाच्या मालाला अमेरिकेत करमुक्त प्रवेश मिळाला, मेक्सिकोचा माल नाफ्ता या मुक्त व्यापार करारानंतर वाढला, आणि हाताने कापाव्या लागणाऱ्या पिकाची मजुरी इथल्या शेतकऱ्याला झेपेनाशी झाली. जिल्ह्याची शेती अजून भक्कम आहे, पण पिके बदलली : बदाम, अक्रोड, लोडायची द्राक्षे, लिंडनच्या चेरी, टोमॅटो आणि दूध. बदाम यंत्राने झाड हलवून पाडता येतो, म्हणून उत्पन्न वाढले तरी त्याच प्रमाणात रोजगार वाढत नाही.

दुसरा आधार बंदराचा. समुद्रापासून सुमारे पंच्याहत्तर मैल आत असूनही १९३३ पासून इथे सागरी जहाजे येतात, कारण नदीचे पात्र खोल करून घेतले आहे. खते, सिमेंट, तांदूळ असा सुटा माल इथून जातो.

तिसरा, आणि आज सर्वांत डोळ्यांत भरणारा आधार म्हणजे गोदामे. आंतरराज्य ५ आणि राज्य महामार्ग ९९ यांच्यामध्ये दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांची यार्डे आहेत आणि बे एरियाच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतालच्या शहरांच्या, तुलनेत जमीन स्वस्त आहे. त्यामुळे ॲमेझॉनसह अनेक कंपन्यांनी स्टॉक्टन, ट्रेसी आणि लॅथ्रॉपमध्ये मोठमोठी गोदामे बांधली. पंजाबी समाजाचा मोठा भाग आता ट्रक व्यवसायात आहे आणि त्यांतले अनेक जण स्वतःच्या ट्रकचे मालक आहेत. डेल्टावासींच्या सिद्धांताला हा अपवाद म्हणता येईल : जमीन जिथे मिळाली नाही, तिथे चाके मिळाली. डिझेलचा धूर मात्र दक्षिण स्टॉक्टनच्याच वाट्याला येतो आणि तिथले दम्याचे प्रमाण राज्य शासनाच्याही चिंतेचा विषय आहे.

चौथा आधार शहराबाहेरचा आहे. हजारो लोक रोज पर्वत ओलांडून बे एरियात कामाला जातात. १९९८ मध्ये सुरू झालेली 'एस' ही रेल्वे पहाटे स्टॉक्टनहून निघते आणि सॅन होजेला पोचायला तिला दोन तासांहून अधिक लागतात. त्या डब्यांत सॉफ्टवेअरवाले भेटतात, तसे सफाई आणि बांधकाम करणारेही भेटतात. मुलांच्या शाळेचे स्नेहसंमेलन चुकवणारे आईबाप या गाडीत सर्व वंशांचे असतात, एवढी समानता मी खात्रीने सांगतो.

हिशेबनीस :

आगगाडी यांनी सांगितलेला चौथा आधारच शहराच्या दिवाळखोरीच्या मुळाशी आहे, म्हणून तो भाग थोडा सविस्तर लिहितो.

२००० नंतर बे एरियातली घरे आवाक्याबाहेर गेली आणि खरेदीदार स्टॉक्टनकडे वळले. शेतजमिनीवर वसाहती उठल्या, मालमत्ता कर आणि विकास शुल्क वाढले, आणि महापालिकेने हा ओघ कायमचा आहे असे धरून खर्च केला. नदीकाठी क्रीडागृह आणि बेसबॉलचे मैदान झाले, नवी प्रशासकीय इमारत घेतली गेली आणि २००७ मध्ये निवृत्तिवेतनाची तूट भरण्यासाठी साडेबारा कोटी डॉलरचे रोखे काढले गेले. हा पैसा शेअर बाजार कोसळण्याच्या तोंडावर गुंतवला गेला. शिवाय नव्वदच्या दशकात निवृत्त कर्मचाऱ्यांना आजन्म आरोग्यविम्याचे वचन दिलेले होते आणि त्यासाठी बाजूला काहीच ठेवलेले नव्हते.

मग घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या आणि कर्ज थकून घर जप्त होण्याच्या प्रमाणात स्टॉक्टन देशात सर्वांत वरच्या शहरांत गणले जाऊ लागले. महापालिकेने पोलिसांची संख्या सुमारे एक चतुर्थांशाने घटवली. २०१२ साली शहरात ७१ खून झाले, तो तेव्हाचा उच्चांक होता. त्याच वर्षी २८ जूनला शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी डेट्रॉइटने अर्ज करेपर्यंत ती अमेरिकेतल्या शहराची सर्वांत मोठी दिवाळखोरी होती.

इथे पाहण्यासारखे आहे ते कोणाचे किती बुडाले हे. न्यायाधीश ख्रिस्तोफर क्लाइन यांनी निवृत्तिवेतनालाही कात्री लावता येईल असे स्पष्ट म्हटले, तरी ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी मंजूर केलेल्या योजनेत निवृत्तिवेतन शाबूत राहिले. आरोग्यविम्याची सुमारे ५४ कोटी डॉलरची देणी मात्र ५१ लाख डॉलरवर मिटवली गेली. म्हणजे तीस वर्षे नोकरी केलेल्याला उतारवयात विमा स्वतः शोधावा लागला. रोखेधारकांनाही मोठा फटका बसला. नागरिकांनी २०१३ मध्ये विक्रीकरात पाऊण टक्क्याची वाढ मतदानाने मान्य केली, आणि तो कर दक्षिण स्टॉक्टनमधला गरीबही दुकानात भरतो. शहर फेब्रुवारी २०१५ मध्ये दिवाळखोरीतून बाहेर पडले.

मध्यममार्गी :

हिशेबनीस, हा तपशील मला नवा होता. यापुढचा टप्पा म्हणजे दरमहा पाचशे डॉलरचा प्रयोग. त्याचे फलित काय?

हिशेबनीस :

तत्कालीन महापौर मायकेल टब्ज हे दक्षिण स्टॉक्टनमध्ये वाढलेले कृष्णवर्णीय तरुण. ते २०१६ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी निवडून आले. त्यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी २०१९ पासून दोन वर्षे १२५ रहिवाशांना दरमहा ५०० डॉलर विनाअट देण्यात आले. पैसा देणग्यांमधून आला होता, करातून नव्हे. ज्या वस्त्यांचे उत्पन्न शहराच्या मध्यम उत्पन्नाइतके किंवा त्याहून कमी होते, तिथून सोडतीने नावे काढली गेली. पहिल्या वर्षी पूर्णवेळ नोकरी असणाऱ्यांचे प्रमाण पैसे मिळणाऱ्यांत २८ वरून ४० टक्क्यांवर गेले, तर तुलनेसाठीच्या गटात ते ३२ वरून ३७ वर गेले. दारू-तंबाखूवरचा नोंदलेला खर्च एक टक्क्याहूनही कमी होता.

माझे मत विचाराल तर प्रयोग उपयुक्त होता, पण १२५ माणसांवरून शहराच्या अर्थव्यवस्थेबद्दल निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. टब्ज स्वतः २०२० ची निवडणूक केव्हिन लिंकन यांच्याकडून हरले. देशभर नावाजलेला माणूस घरच्या मतदाराला खड्डे, बेघरांच्या छावण्या आणि गुन्हे यांच्या हिशेबाने पारखला जातो.

डेल्टावासी :

पाचशे डॉलरच्या प्रयोगाबद्दल मला एवढेच जोडायचे आहे की त्यातला मोठा खर्च अन्न, घरगुती वस्तू, वीज-पाणी आणि वाहनदुरुस्ती यांवर झाला. गोदामातली पाळी चुकू नये म्हणून गाडी सुरू राहणे जिथे आवश्यक असते, तिथे वाहनदुरुस्ती ही नोकरी टिकवण्याची गुंतवणूक ठरते. सार्वजनिक वाहतूक रात्रपाळीला उपयोगाची नाही.

आगगाडींनी काढलेला ट्रकमालकांचा अपवाद मला मान्य आहे. त्यात भर म्हणून माउंटन हाउसचे उदाहरण देतो. स्टॉक्टनच्या नैर्ऋत्येला असलेली ही वसाहत १ जुलै २०२४ रोजी स्वतंत्र शहर झाली. तिथे दक्षिण आशियाई कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांत मराठी घरेही आहेत. ही कुटुंबे घरांची मालक आहेत, पण त्यांची नोकरी बहुधा डोंगरापलीकडे आहे आणि शाळा, कर, मतदान हे सगळे स्टॉक्टनपासून वेगळे आहे. एकाच जिल्ह्यात दोन भारतीय इतिहास शेजारी राहतात आणि त्यांची एकमेकांशी फारशी ओळख नाही. गणेशोत्सवाला चाळीस मैल जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी अर्ध्या तासावरचा १९१२ चा गुरुद्वारा पाहिलेला नसतो.

वाटसरू :

मी बे एरियात असतो. एका दिवसात हे पाहायचे असेल तर कुठून सुरुवात करावी?

जुनी वही :

सुरुवात दक्षिण स्टॉक्टनमधल्या गुरुद्वाऱ्यापासून करावी. डोके झाकून जावे आणि लंगरला थांबावे. तिथून जवळच एल डोराडो आणि लाफायेट रस्त्यांच्या चौकात लिटल मनिलाच्या मोजक्या उरलेल्या इमारती आहेत आणि महामार्गाचे खांबही दिसतात, म्हणजे डेल्टावासींनी लिहिलेले पडताळून पाहता येईल. दुपारी हॅगिन संग्रहालयात होल्टची यंत्रे पाहावीत. बंदर आतून पाहता येत नाही, पण नदीकाठच्या रस्त्यावरून जहाजे दिसतात. 'एस' मुख्यतः कामाच्या दिवशी प्रवासी वाहतूक करते आणि सकाळी तिची दिशा तुमच्या उलट असते, म्हणून ॲमट्रॅकची रेल्वे किंवा स्वतःची गाडी बरी. एप्रिल-मे मध्ये आलात तर परतण्याआधी पूर्वेकडे लिंडनला जाऊन चेरीचे मळेही पाहता येतील.